खंडेनवमीच्या रांगोळीतलं बेट

मला त्या माणसावर सूड उगवायचा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी मला गरीब गाय समजायला नको. आई म्हणायची, हिला राग उशिरा येतो, पण आला की भाड्यानं राहत नाही, सरळ घरच बांधतो. खरं आहे ते. त्या रागाला आता सात वर्षं होतील आणि अजून त्याची एक वीट हललेली नाही.

तो माणूस म्हणजे आमच्या प्लांटचा मुख्य. सगळे त्याला सर म्हणायचे, मीही म्हणायचे. चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे प्लास्टिकचे भाग बनवणारी आमची कंपनी. मालक इथलाच, गिऱ्हाईक जपानी, आणि ज्या साच्यांत ते भाग ओतायचे ते साचे कोरियाहून यायचे. मी तिथे जपानीची दुभाषी. दापोडीहून सकाळी साडेसहाची कंपनीची बस पकडायची, नाशिक फाट्यापासून मोशीपर्यंत ट्रॅफिकमध्ये डुलक्या काढायच्या आणि आठ वाजता जाऊन दोन देशांच्या मध्ये उभं राहायचं. जपानी माणूस बोलला की आमच्या लोकांना सांगायचं, आमचे बोलले की त्याला सांगायचं. आमचे लोक जे बोलायचे त्यातलं निम्मं तर सांगण्यासारखं नसायचंच.

जपानी शिकले ती वडिलांमुळे. ते पिंपरीत एका कारखान्यात लेथवर होते. त्यांच्याकडे एकदा एक जपानी इंजिनिअर आला, वडिलांनी फिरवलेला तुकडा त्यानं हातात घेऊन पाहिला आणि कमरेत वाकून त्यांना नमस्कार केला. माझ्या बापाला आयुष्यात कुणी वाकून नमस्कार केला नव्हता. घरी आल्या आल्या पायातली चप्पल न काढता मला म्हणाले, ही भाषा शिक. दिवसा नोकरी, संध्याकाळी क्लास, असं करत सहा वर्षं घासली तेव्हा कुठे वरची परीक्षा पास झाले.

आता सरांचं. गिऱ्हाईकाच्या जपानमधल्या कारखान्यात वर्षभर राहायला आमच्याकडचं एक माणूस जाणार होतं. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "हे क्वालिटीचं सगळं मॅन्युअल जपानीतून मराठीत करून दे. लाइनवरच्या पोरांना कळलं पाहिजे. केलंस की जपानला तूच." चारशे पानं होती. दीड वर्ष लागलं. रविवार गेले, दोन दिवाळ्या गेल्या, चुलत बहिणीच्या लग्नात मी मांडवाच्या मागे बसून पानं तपासत होते. शेवटचं पान दिलं त्याच आठवड्यात नोटीस बोर्डावर नाव लागलं. जपानला सरांचा भाचा चालला होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. त्याला 'कोन्निचिवा'च्या पुढे एक शब्द येत नव्हता, आणि तोसुद्धा मीच शिकवलेला.

मी केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, तुम्ही शब्द दिला होता.

ते मोबाइलमध्ये बघत होते. वर न बघता म्हणाले, "अगं, बाईमाणूस, एकटी, एवढ्या लांब. तुझ्याच काळजीनं म्हणतोय." मग वर बघून हसले. "आणि खरं सांगू का, तुमच्या लोकांना शिकायला मिळालं, एसीत बसून नोकरी मिळाली. एवढ्यावर समाधान मानावं माणसानं."

तुमच्या लोकांना. मी 'ओके सर' म्हणाले आणि बाहेर आले. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. रडले नाही.  घरी कुणाला काही सांगितलं नाही. वडिलांना तर नाहीच नाही, त्यांनी दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर येऊन तमाशा केला असता. मी रोज कामावर गेले. रोज 'गुड मॉर्निंग सर' म्हटलं. आणि रोज मनात म्हटलं, थांब लेका.

वाट बघणाऱ्याला काही ना काही सापडतंच. मला बेट सापडलं.

जपान आणि कोरिया यांच्या मधल्या समुद्रात दोन खडक आहेत, आजूबाजूला बारीकसारीक आणखी. जपानी त्यांना ताकेशिमा म्हणतात, कोरियन दोक्दो म्हणतात. ताबा कोरियाचा, आणि जपान म्हणतो आमचं. मला हे भाषा शिकताना पुसट माहीत झालं होतं, पण पेटतं कसं ते डोळ्यांनी पाहिलं एका मीटिंगमध्ये. जपानी गिऱ्हाईकाच्या माणसानं पडद्यावर कारखान्यांचा नकाशा लावला. साच्यांच्या कंपनीकडून आलेले कोरियन साहेब, पन्नाशीचे, हसरे, वडापाव मागून खाणारे. ते एकदम म्हणाले, हे बंद करा. नकाशात तो ठिपका जपानच्या रंगात होता, एवढंच. अर्धा तास मीटिंग बंद. आमचे लोक एकमेकांची तोंडं बघत होते.

नंतर कॅन्टीनमध्ये मी त्यांना चहा नेऊन दिला. ते इंग्रजीत म्हणाले, "सॉरी. तुम्हाला वाटत असेल, दगडासाठी हा माणूस वेडा झाला." मग कपाकडे बघत म्हणाले, "जपान्यांचं राज्य होतं तेव्हा माझ्या वडिलांना शाळेत स्वतःचं नाव टाकून जपानी नाव घ्यावं लागलं. घरी आल्यावर आईनं जुन्या नावानं हाक मारली तर ते घाबरून तिच्या तोंडावर हात ठेवायचे. तो दगड आमच्याकडे आहे म्हणजे ते नाव आमच्याकडे आहे."

मला ते कळलं. चाकणमध्ये त्या दिवशी माझ्याइतकं ते कुणालाच कळलं नसेल. आणि ज्याला नीट कळतं तोच त्याचा वापरही नीट करू शकतो, हे मी पुढे दाखवून दिलं.

सरांना मी हे सगळं समजावून सांगितलं होतं बरं का. कामच होतं ते माझं. म्हटलं, सर, यापुढे या दोघांसमोर कुठलाही नकाशा नको. सर म्हणाले, "खडकावरून भांडतात? खायला-प्यायला जास्त झालंय यांना." आणि विसरले. आपल्या डोक्यावर कुणी पाय दिलेला नसला की असल्या गोष्टी लक्षात राहत नाहीत.

ऑक्टोबरात मोठा करार व्हायचा होता. नव्या गाडीचे भाग, नवे साचे. जपानी गिऱ्हाईकाचे वयस्कर साहेब आणि कोरियन साहेब दोघं एकाच दिवशी प्लांटवर येणार, आणि हा करार झाला की सर डायरेक्टर होणार हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. दिवस नेमका खंडेनवमीचा आला. त्या दिवशी कारखान्यात उत्पादन बंद असतं. मशिनं धुऊन पुसून त्यांना झेंडूचे हार घालतात, हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात. आमच्या घरी यातलं काही नसतं. आमचा दिवस दुसऱ्या दिवशीचा, पांढरे कपडे घालून विहारात जायचा. पण कंपनीच्या पूजेला मी मागे उभी राहायचे, पेढा खायचे.

सरांच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक. म्हणाले, पाहुण्यांसाठी असेंब्लीच्या दारात रांगोळी काढायची, मोठी, पंधरा फुटी. इकडे भारत, भारतात कंपनीचं बोधचिन्ह. तिकडे जपान आणि कोरिया. मधे समुद्र आणि समुद्रात आपलं जहाज. नकाशाची रांगोळी! बाकी कुठल्या देशात असली अवदसा कुणाला आठवली असती? नकाशा पडद्यावर लावला तर एक बटण दाबून बंद करता येतो. रांगोळी तर पुसायचीसुद्धा पंचाईत, शुभ दिवशी काढलेली.

काढणार होत्या झाडलोट करणाऱ्या मावशी. कुरुळीकडच्या. पंचेचाळिशीच्या असतील. आमच्या कंपनीचं पार्किंग जिथे आहे तिथे त्यांच्या सासऱ्यांचं दीड एकर रान होतं. जमीन घेताना घरटी एक नोकरी देऊ असा शब्द दिला होता. शब्द देण्यात आमची कंपनी पहिल्यापासून उदार. नोकरी मिळाली ती झाडूची, आणि तीही कंपनीची नाही, ठेकेदाराच्या कार्डावर. सहा वर्षं मावशी आपल्याच रानावर उभ्या असलेल्या गाड्यांखालचं तेल पुसत होत्या. पण हातात कला अशी की बघत राहावं. गणपतीतली त्यांची रांगोळी बघून सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मावशी, खंडेनवमीला पाहुण्यांना खूश करा, दिवाळीला तुम्हाला कायम करतो." कायम म्हणजे कंपनीच्या कार्डावर नाव, आणि ठेकेदार बदलला की उद्या यायचं की नाही ही धास्ती संपली. मावशींनी ते बाकीच्या बायकांना इतक्या वेळा सांगितलं होतं की त्या त्यांना 'या, कायम बाई' म्हणून चिडवायच्या. मावशी लाजायच्या आणि खूशही व्हायच्या.

आदल्या दिवशी दुपारी सर मला म्हणाले, "जा, नकाशा बरोबर काढलाय का बघ. जपानचं तुला कळतं."

मी गेले. मावशींनी खडूनं माखलेली सुतळी ताणून फरशीवर चौकोन पाडले होते, सरांनी दिलेल्या कागदावरही तसेच चौकोन. एकेका चौकोनातली रेघ इकडून उचलून तिकडे ठेवत त्यांनी सगळा जपान काढला होता, एक वळण चुकलेलं नव्हतं. चाळणीतून रंग पाडत होत्या. जपान लाल, कोरिया पिवळा, समुद्र निळा.

"ताई, बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "ह्यो बारका ठिपका बघा कागदावर. ह्यो कुनाच्या वाटचा? लाल भरू का पिवळा?"

मी वाकून पाहिलं. तोच होता.

म्हटलं, "दोघंही म्हणतात आमचाच."

"म्हंजी बांधाचं भांडान हाय व्हय!" मावशी हसल्या. "मंग नगं बया. भांडनाचा बांध रंगवू न्हाई कुनी. निळा फासते, समिंदरात बुडीवते. कुनाला काय दिसतंय?"

इतकं शहाणपण. दोन्ही देशांच्या सरकारांना सुचलं नसेल ते त्या बाईनं चिमूटभर रांगोळीत सोडवलं होतं. मी फक्त 'हो, तसंच करा' म्हणायचं होतं आणि वर जाऊन बसायचं होतं.

मी म्हणाले, "नको. लाल भरा." आणि इकडेतिकडे बघून आवाज खाली करून म्हणाले, "जरा मोठा काढा. दिसला पाहिजे."

मावशींचा हात चाळणीवर थांबला. माझ्याकडे त्यांनी नीट पाहिलं. "लाल म्हंजी जपानच्या वाटचा?"

"हो."

"आन त्या पिवळ्याचा मानूस येनार हाय न्हवं उद्या?"

"येणार आहे."

 मावशींनी चिमटीत लाल घेतला आणि निळ्या समुद्रात एक ठिपका सोडला, लिंबाएवढा. मग त्याला पांढरी कडही काढली. ती मी सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पाहुणे आले. हॉलमध्ये उदबत्तीचा आणि ऑइलचा मिळून तो खंडेनवमीचा वास. सर कुर्त्यात, डोक्यावर केशरी फेटा, गुडघ्याला बाशिंग बांधायचंच काय ते बाकी. दोन्ही पाहुण्यांनाही फेटे बांधले. कोरियन साहेब एकदम खूश, फेट्याला हात लावून लावून बघत होते. रांगोळी दिसली तसा त्यांनी फोटो काढायला फोन वर केला. "ब्यूटिफुल, ब्यूटिफुल," म्हणत होते. मी सरांच्या मागे दोन पावलांवर उभी होते आणि माझं लक्ष फक्त त्यांच्या चेहऱ्यावर होतं. आधी फोन खाली आला. मग ते उकिडवे बसले, जवळून पाहिलं. उठले. डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी, न विस्कटू देता काढला आणि बाजूच्या खुर्चीवर ठेवला. आमच्या पट्ट्यात भर मांडवात पाहुण्यानं फेटा उतरवून ठेवला तर काय होतं ते कुणाला सांगायची गरज नव्हती. 

"हे कुणी काढलं?" एवढंच त्यांनी इंग्रजीत विचारलं आणि उत्तरासाठी न थांबता गाडीकडे चालू लागले.

सर त्यांच्या मागे धावले. पळताना भान राहिलं नाही, सरळ रांगोळीतून गेले. जपान तुडवला, समुद्र तुडवला, नव्या पांढऱ्या मोजड्या लाल-निळ्या करून "सर, सर, प्लीज सर" ओरडत गेटपर्यंत. फेट्याचा शेमला सुटून मागे फरफटत होता. सिक्युरिटीवाले बघत होते, लाइनवरची पोरं बघत होती, ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून बघत होता. गाडी गेली. सर रस्त्याच्या कडेला धुळीत उभे राहिले.

खोटं कशाला बोलू? मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. चारशे पानं, दीड वर्ष, 'तुमच्या लोकांना', सगळं एका लिंबाएवढ्या ठिपक्यात वसूल झालं होतं. तो माणूस लोकांसमोर धावत होता आणि कुणी त्याच्यासाठी थांबत नव्हतं. आजही डोळे मिटले की मी तेवढं दृश्य पुन्हा बघते, आणि आजही मला बरं वाटतं.

जपानी साहेब मागे तसेच उभे होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "हे बेट इथल्या कुणाला माहीत असेल?" मी जपानीत म्हणाले, योगायोग असावा. ते म्हणाले, "असं का." आणि माझ्याकडे पाहायचं त्यांनी थांबवलं. एरवी निघताना ते मला वाकून नमस्कार करायचे. त्या दिवशी केला नाही.

सर परत आले ते लाल होऊन. "कुणी भरला हा रंग? कुणी?" मग त्यांची नजर माझ्यावर आली. "तुला बघायला सांगितलं होतं मी. तू बघितलं नव्हतंस?"

मी तयारी केलेली नव्हती. खरंच नव्हती. पण शब्द तोंडात आयते तयार असल्यासारखे आले. "बघितलं होतं सर. मी बघितलं तेव्हा तिथे लाल नव्हता."

मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या, हाताला रंग तसाच. त्यांनी ऐकलं. आमची नजरानजर झाली. एका क्षणात मी संपले असते. फक्त 'ताईंनीच सांगितलं' एवढं म्हणायचं होतं त्यांनी.

"व्हय," मावशी म्हणाल्या. "मी मागनं भरला. लाल उरला व्हता."

सर त्यांना काय काय बोलले ते मी इथे लिहीत नाही. चाळीस माणसांसमोर बोलले. ठेकेदाराच्या सुपरवायझरला तिथेच बोलावून कार्ड काढून घ्यायला लावलं. कुणीतरी माझ्या मागे पुटपुटलं, चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यानं सरांना चोर म्हटलं होतं, पण मी मान खाली घातली. मावशींनी कोपऱ्यातली आपली पिशवी घेतली, डबा घेतला, रंगाच्या पुड्या नीट बांधून ठेवल्या आणि पार्किंगमधून, म्हणजे त्यांच्या रानातून, बाहेर गेल्या.

मला वाटलं होतं, सरांना एकदा पाडलं की झालं. पण असली माणसं पडताना खाली कुणाला तरी घेतात आणि त्याच्यावर पाय देऊन उठतात. दोन दिवसांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माफीचं पत्र लिहायचं होतं, कोरियन साहेबांना इंग्रजीत, जपान्यांना जपानीत. मजकूर सरांनी सांगितला: एका अशिक्षित कंत्राटी कामगार महिलेच्या अज्ञानामुळे हा प्रकार घडला, तिला तत्काळ कामावरून दूर केलं आहे. पुरावा म्हणून मावशींचं कार्ड कात्रीनं दोन तुकडे करून त्याचा फोटो जोडला. फोटोत मावशींचा चेहरा मधोमध कापला होता.

मी ते पत्र लिहिलं. जपानीत माफीच्या अनेक पायऱ्या आहेत. मी सगळ्यात वरची वापरली. कुठे एक अक्षर चुकवलं नाही. 'अशिक्षित'ला सौम्य शब्द सापडत होता, तोही घातला नाही, कारण सर म्हणाले होते कडक लिही. मी तेव्हा काय विचार करत होते असं कुणी विचारलं तर सांगते. माझं नाव येऊ नये, एवढाच विचार करत होते.

पत्र लागू पडलं. कोरियन साहेब आठवड्यानं परत आले, सही झाली. दिवाळीत सर डायरेक्टर झाले. भाचा तीन महिन्यांतच जपानहून पळून आला होता, म्हणे तिथे भाकरी मिळत नाही आणि लोक बोलत नाहीत. जागा रिकामी होती. सरांनी मला बोलावून पेढा दिला. म्हणाले, "पत्र फक्कड जमलं होतं तुझं. तिकडचे पण खूश. जानेवारीत तू जा जपानला. शब्द दिला होता ना मी?"

मी 'थँक्यू सर' म्हणाले. पेढाही खाल्ला.

डिसेंबरात एका रविवारी कुरुळीला गेले. का गेले ते सांगता येणार नाही. वाटेत चाकणच्या चौकात अर्धा किलो सफरचंदं घेतली, दवाखान्यात कुणाला बघायला जाताना घेतात तशी. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. पुढ्यात रबराच्या वायसरांचा ढीग. साच्यातून निघालेल्या वायसरांच्या कडेला जास्तीचं रबर असतं, ते कात्रीनं कापायचं काम बायकांना घरी देतात. त्यांनी मला बस म्हटलं, पाणी दिलं, आणि कात्री चालूच ठेवली.

मी बरंच काही बोलले. चुकलं म्हणाले, घाबरले म्हणाले, मला असं होईल असं वाटलं नव्हतं म्हणाले. शेवटी विचारलं, "मावशी, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत?"

"तुमाला काय वाटलं, मला कळत नव्हतं व्हय?" त्या म्हणाल्या. "बांध कोरनारा मानूस असाच बोलतो, हळू. सासरा जलमभर त्येच करत व्हता. तुमी मोठा काढा म्हनाला तवाच वळखलं, हिला त्या मानसाला पाडायचाय. म्हनलं पाडू दे. माज्या रानावर बसून सा वरीस मला झुलवतोय. पांढरी कड मी काय उगंच काढली?"

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"नाव सांगितलं असतं तर दोघी भायेर गेलो असतो. त्यो बसला असता दात काढत. म्हनलं, एक तरी आत ऱ्हाऊ दे. शिकलेली हाय, राग हाय तिच्या पोटात, आज न्हाई तर उद्या त्याला पुरा गाडंल." त्यांनी कापलेलं वायसर ढिगात टाकलं आणि पहिल्यांदा वर बघितलं. "मी तुला आत ठिवली व्हती पोरी. आन लोकं सांगत्यात, तू चाललीस जपानला. त्यानंच धाडली म्हनं."

 मी म्हणाले, नाही जात. उद्याच सरांसमोर उभी राहते, सगळं सांगते, लाल मीच भरायला लावला म्हणून, पत्र खोटं आहे म्हणून. त्या जपानी साहेबांनाही सांगते.

"सांग," मावशी म्हणाल्या. "आन सांगितलंस की मला येऊन सांग."

त्यांनी सफरचंदांची पिशवी उचलून माझ्या हातात परत दिली.

जानेवारीत मी जपानला गेले. कुरुळीला पुन्हा गेले नाही.